पायलट साडूचं वजन

लोटनच्या पोटात दुखायला लागलं ते अठ्ठ्याऐंशी सालच्या शिवरात्रीच्या सुमारास, आणि त्या दुखण्याचं नाव होतं गिरधर.

गिरधर म्हणजे लोटनचा धाकटा साडू. फैजपूरचे कौतिक आबा, केळीवाले, त्यांना दोन पोरी. थोरली पुष्पा लोटनला दिलेली. धाकटी यशोदा उशिरा झालेली, तिचं लग्न नुकतंच धुळ्याच्या गिरधरशी लागलं होतं. तोवर आबांच्या घरात जवाई म्हटलं की एकच माणूस, लोटन. यावल डेपोचा ड्रायव्हर, चाळिशी ओलांडलेला, खाकी शर्टाची वरची बटणं कायम उघडी. त्याची यावल-फैजपूर-भुसावळ-जळगाव गाडी फैजपूरच्या स्टँडवर लागली की सासूबाई झुंबरबाई घरून चहा धाडायच्या. तो चहा सगळे पॅसेंजर बघत असताना लोटन असा फुरके मारून प्यायचा, की कंडक्टर भिकनला घंटी मारायची हिंमत व्हायची नाही. जवायाचा चहा चाललाय म्हटल्यावर गाडी थांबणारच.

खोड्या हा त्याचा खरा धंदा, ड्रायव्हरकी आपली जोडीला. डेपोत नव्याने लागलेल्या उखर्डूला त्याने पढवलं होतं, की ड्रायव्हरच्या मेडिकलला शौचाचा नमुना न्यावा लागतो आणि डॉक्टर कडक आहे, थोडकं चालत नाही. उखर्डू बिचारा डालड्याचा पाच किलोचा डबा घेऊन दवाखान्यात गेला, वरून फडकं बांधून. ही गोष्ट लोटन अजून सांगायचा आणि सांगायच्या आधी स्वतःच हसून घ्यायचा. तालुक्यात त्याच्या तावडीतून सुटलेला माणूस नव्हता, आणि त्याला कोणी बनवलंय असं तर कोणी ऐकलंच नव्हतं.

अशा घरात हा गिरधर आला. सहा फूट उंच, अंगात ढगळ सदरा, नाकावर माशी बसली तर तिला उठवायला लाजेल असा. बी.एस्सी. झालेला, जळगावला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. आई लहानपणीच गेलेली. बोलणं म्हणजे "हो", "बरं", "तुम्ही म्हणाल तसं". यापुढे गाडी जायची नाही. लग्नात लोटनने त्याचे बूट लपवले, तर हा पठ्ठ्या अख्खी वरात अनवाणी चालला आणि बूट कुठे गेले म्हणून कोणाला विचारलंसुद्धा नाही.

"आबांनी यशोदीसाठी मातीचं बाहुलं आनलं," लोटन पुष्पाला म्हणाला होता. "खाली ठेवलं तर खाली राहीन, वर ठेवलं तर वर."

मग एक दिवस कळलं, की बाहुलं खरंच वर जाणार आहे. विमान घेऊन.

उत्तरेकडे कुठेशी पायलट तयार करायची सरकारी शाळा होती. गिरधरने गुपचूप अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली, दोन्हीत पास झाला. आता दिल्लीला मेडिकल तेवढं राहिलं होतं. आबांनी बातमी ऐकली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन थेट स्टँडवर आले. लोटनच्याच गाडीत चढले, पार मागच्या बाकापर्यंत प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. "आमचे जवाई इमान चालोनार!" शेवटी खिडकीतून हात घालून एक पेढा लोटनलाही दिला. पॅसेंजरला द्यावा तसा.

मागून एक बाई म्हणाली, "ड्रायव्हर भाऊ, तुमचा साडू पायलट व्हई राह्यला म्हने? अन तुम्ही?"

"मी बी पायलटच व मावशी," लोटन म्हणाला. "त्याचे खड्डे ढगात, माहे भुसावळच्या रस्त्यात."

गाडी हसली. लोटनही हसला. पण पेढा गिळताना त्याला पाणी लागलं.

त्या दिवसापासून फैजपूरच्या स्टँडवर चहा यायचा, नाही असं नाही. पण चहा घेऊन येणारं माणूस गिरधरचं काही कळलं का, हे आधी विचारायचं आणि बशी मग पुढे करायचं. लोटनला चहा गार लागायला लागला.

गिरधर दिल्लीला जाऊन आला आणि परस्पर फैजपूरला भेटायला आला. ओसरीवर हीऽ गर्दी. लोटनही ड्यूटी संपवून पोहोचला, तर त्याची नेहमीची खुर्ची शेजारच्या माणसाने घेतलेली. गिरधर हळूहळू सांगत होता आणि लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. फिरत्या खुर्चीवर बसवून गरागरा फिरवतात आणि मग डोळ्यांत बघतात. पाऱ्याची नळी फुंकून पारा वर चढवायचा आणि श्वास धरून तिथेच थांबवायचा. ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांतून आकडे ओळखायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. डोक्याला तारा लावून मेंदूचा कागद काढतात.

"आमचंही मेडिकल व्हतं," लोटन मध्येच म्हणाला. "आम्हाले बी अक्षरं वाचा लागतात."

"हाव, हाव," आबा म्हणाले आणि पुन्हा गिरधरकडे वळले. "मंग? मेंदूचा कागद कसा निंघला?"

"तो चांगला निघाला, आबा. सगळंच चांगलं निघालं." गिरधर थांबला. मान खाली घातली. "फक्त वजनात अडकलं. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तेव्हा वजन बसलं तर घेतील, नाहीतर संपलं."

 आता जवायाला खोदून विचारायचं नसतं. आबांनी विचारलं नाही, झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला, तो दिल्लीला गेल्यापासून माहेरीच असलेली यशोदा आत निघून गेली. आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या लोटनच्या अंगातून गारेगार वारं गेलं.

दुसऱ्या दिवशी जळगावच्या स्टँडवर गाडी लावून त्याने भिकनला बोनेटवर बसवलं. भिकन कंडक्टर धुळ्याकडचा, त्याची बोली तिकडची.

"वजन जास्त भरलं भिकन त्याचं. दिल्लीवाल्यांनी पाडलं."

"तेन्हं वजन? तो तं बारीक शे भाऊ. वारा उना तं उडी जाई."

"बारीक दिसतो. लांबी पाह्य ना त्याची! लांब मान्साचं वजन हाडात राह्यतं. अन इमानात काय करतात म्हाईत हाये? मान्साची पिशवीसुद्धा काट्यावर ठेवतात. का? त्याले उडा लागतं. आपली गाडी घे. लगनसराईत टपावर लोकं बसले का चढावर कशी रडते? मंग इमान कसं रडत असीन! डायवर जितका हलका, तितका चांगला."

भिकनला हे पटलं. कोणालाही पटलं असतं. वीस वर्षं ओव्हरलोड गाडी चढावर ओढलेला माणूस बोलत होता.

"मंग आते काय कराणं?" भिकनने विचारलं.

"काही नाही," लोटन म्हणाला आणि मिशीत हसला. "त्याले खाऊ घालाचं. जवाई हाये. सेवा करू."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी पुष्पाही आली, यशोदाही जळगावहून आली, आणि मागोमाग जेवायला दोन्ही जवाई. खापरावरच्या पुरणपोळ्या, रुमालाएवढ्या मोठ्या, आमरसाचं पातेलं, तुपाची लोटी. लोटनने सासूच्या हातातून लोटी काढून घेतली.

"द्या मामी, मी वाढतो. साडू माह्या हातानं खाईन आज."

पुष्पाने स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने स्वतःच्या पेल्यात पाणी ओतून घेतलं नव्हतं.

लोटनने गिरधरच्या पोळीवर तूप सोडलं. सोडलं म्हणजे सोडतच राहिला. गिरधरने हात आडवा धरला.

"पुरे, भाऊ. वजनाचं बघायचंय ना."

"अरे, तूच असं बोलला तर कसं रे? शिकेल मानूस तू!" लोटन त्याच्या शेजारी उकिडवा बसला. "तुपानं वजन वाढतं कोन म्हनलं? तूप जातं हाडात. हाडाले वंगन पाह्यजे. वजन वाढतं पान्यानं. पानी कमी पे, तूप खाय. मी आतापावेतो कितीक मेडिकल देले, मले इचार. डॉक्टर काय पाह्यतो? चेहऱ्यावर तेज पाह्यतो. अंगात ताकद दिसली का काट्याकडे बघतच नाही."

गिरधरने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं घास चावून होईपर्यंत पाहिलं.

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊ," तो म्हणाला, आणि हात बाजूला घेतला.

लोटनला वाटलं, हे तर उखर्डूपेक्षा सोपं निघालं! बी.एस्सी.चा कागद घरात कुठे लावला असेल याने? पत्र्याच्या भोकावर?

त्याच पंगतीत त्याने पुढचंही जमवून टाकलं. "मामी, यशोदीले आता लगेच धाडू नका. पुढं धोंड्याचा महिना येतोय, राहू द्या तिले अठीच. याचा डबा माह्या गाडीनं जाईन. कालेजातले पोरं खातात ना एस्टीचे डबे, तसा हा खाईन."

आमच्याकडे खेड्यापाड्यांतून सकाळच्या एस.टी.ने जळगावला डबे जातात. शिकायला राहिलेल्या पोरांचे. ड्रायव्हरच्या मागे टोपलीत डब्यांचा ढीग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. त्या ढिगात आता एक डबा असा यायला लागला की त्याला डबा म्हणणं अवघड होतं. चार पुडांचा, वर पितळी बरणी दोरीने बांधलेली. खालच्या पुडात तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वर घट्ट वरण, त्यावर भरीत, त्यावर शिकरण, बरणीत डिंकाचे लाडू. झुंबरबाई भोळ्या. "पोराले माय नाही," म्हणायच्या आणि आणखी एक बट्टी दाबून बसवायच्या. लोटन रोज सांगायचा, "मामी, काल म्हने कमी पडलं." गिरधरने असं काही म्हटलेलं नसायचं.

डबा पोहोचवून लोटन थांबायचा नाही. परतीच्या गाडीला वेळ असला की गिरधरला स्टँडवरच्या झाडाखाली बसवून स्वतःसमोर खाऊ घालायचा.

"भाऊ, आता पोटात जागा नाही."

"जागा करा लागते. आमच्या गाडीत जागा राह्यते काय? तरी भिकन चार मान्सं घेतो का नाही?"

"पण भाऊ, वजन..."

"पुन्हा वजन! मी काय सांगेल तुले?"

"तुपाने वाढत नाही."

"मंग? खाय."

स्टँडवर वजनाचं मशीन होतं, लाल दिवे आणि आत फिरणारी चाकं असलेलं, नाणं टाकलं की वजन आणि भविष्य छापलेलं तिकीट देणारं. गिरधर एकदा तिकडे वळला तर लोटनने त्याचा दंडच धरला. "ते खोटं हाये. परवा भिकनले सांगे तुमचा राजयोग हाये." आणि दंड धरला तेव्हा त्याला जाणवलं, की दंड भरलाय. त्या दिवशी त्याने पूर्ण रस्ताभर गाडीत शीळ घातली.

घरी पुष्पा मात्र गप्प बसणारी नव्हती.

"तुमच्या मनात काय हाये?" तिने एकदा भाकरी थापता थापता विचारलं.

"काय राहीन? साडूची सेवा."

"तुम्ही? अन सेवा? माह्या बापाच्या आजारपनात तुम्ही दवाखान्यात गेले, अन शेजारच्या खाटेवरच्या मान्साचा पाय कापा लागीन सांगून त्याच्या बायकोले रडोलं."

"ती गंमत व्हती."

"अन ही?"

लोटनने ताट पुढे ओढलं. गंमत होती का ही? उखर्डूच्या वेळी कसं, मनात नुसतं हसू होतं. आता हसू वर तरंगायचं आणि खाली काहीतरी करपायचं. झोपताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. फैजपूरवरून विमान चाललंय, आबा अंगणात टाचा उंचावून हात हलवतायत, आणि त्याच वेळी स्टँडवर त्याची गाडी उभी आहे, कोणी चहा आणत नाही.

मग धोंड्याचा महिना लागला. हा अधिक महिना दर तीन वर्षांनी येतो आणि जवायाचा असतो. जवाई म्हणजे देव, त्याला पाटावर बसवायचं, औक्षण करायचं, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, वर निरांजन ठेवून वाण द्यायचं. आबांच्या घरात पहिला पाट कायम लोटनचा. यंदा दोन पाट मांडले होते, आणि पहिल्या पाटाकडे कोणी बघत नव्हतं. आबा उगीच टॉवेल झटकत होते. झुंबरबाई आत-बाहेर करत होत्या. होणाऱ्या पायलटला दुसऱ्या पाटावर बसवायचं कसं, आणि थोरल्याला उठवायचं कसं!

लोटनला ते दिसलं. त्याला वाटलं होतं निदान विचारतील. निदान खोटं खोटं म्हणतील, बसा लोटनराव, मान तुमचा. कोणी म्हणालं नाही.  पण लोटन धंद्यातला माणूस. नुकसानीतून काय काढता येतं ते त्याने बघितलं.

"पहिला पाट गिरधरचा," तो मोठ्याने म्हणाला. "मी लय बसलो. अन वाण बी त्याले दुप्पट. माह्ये अनारसे बी त्यालेच द्या."

झुंबरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी लोटनच्या पाठीवर हात ठेवला, जो त्यांनी लग्नानंतर ठेवला नव्हता. पुष्पा नवऱ्याकडे असं बघत राहिली, की हा माणूस आजारी तर नाही ना.

गिरधर संकोचून पाटावर बसला आणि खायला लागला. धोंडे, अनारसे, वरून आमरस. लोटन समोर बसून मोजत होता. प्रत्येक घास म्हणजे दिल्लीच्या काट्यावर एक दगड. खा बेट्या. माझ्या पाटावर बसून खा.

जूनच्या सुरुवातीला गिरधर दिल्लीला गेला. लोटनने स्वतःच्या गाडीतून त्याला भुसावळच्या स्टेशनावर सोडलं. सदरा आता ढगळ नव्हता, गालांवर तकाकी आली होती, गाडीत चढताना त्याला जरा धापही लागली. लोटनने त्याच्या पिशवीत लाडवांचा शेवटचा पुडा कोंबला. "डॉक्टरच्या दारात उभा राहून खाजो. तेज येतं."

गिरधर परत येईपर्यंत लोटनचे दिवस सणासारखे गेले. फैजपूरला झुंबरबाई मुंजोबाला नारळ बोलत होत्या, यशोदा धड जेवत नव्हती, आणि हा डेपोत भिकनला टाळी देत होता. एकदाच, गाडी फैजपूरच्या स्टँडवर उभी असताना यशोदा स्वतः चहा घेऊन आली, आणि म्हणाली, "दाजी, तुमी इतकं केलं. काय बी होवो, मी विसरणार नाही." पोरगी लहान असताना लोटनच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलेली. लोटनला तिच्याकडे बघवेना. त्याने गाडी चालू केली, चहा तसाच राहिला. पण तीसुद्धा पायलटीण होऊन विमानात बसेल, हे डोक्यात आलं आणि गेअर त्याने जरा जोरातच टाकला.

गिरधर आला तो परतीच्या गाडीला, भुसावळच्या स्टँडवर. हातात पिशवी, तोंड नेहमीसारखंच, कोरं. लोटनने त्याला केबिनमध्ये घेतलं, बोनेटवर बसवलं. गाडी स्टँडबाहेर काढली तरी त्याने काही विचारलं नाही. घाई दिसायला नको.

तापीचा पूल आला तेव्हा त्याच्याच्याने राहवेना. "मंग? काय म्हनला काटा?"

"पास झालो, भाऊ."

लोटनचा पाय ॲक्सिलेटरवरून उचलला गेला. गाडी पुलावर मंदावली, मागचा ट्रक बोंबलला.

"पास? वजनात?"

"वजनात पण. वरून एक किलो जास्तच भरलं." गिरधरने मागे बघितलं. भिकन शेवटच्या बाकावर तिकिटं फाडत होता. "एक सांगू का, भाऊ? रागावू नका, गाडी चालू आहे."

"सांग."

"मला दिल्लीत पहिल्यांदा पाडलं होतं ते वजन कमी म्हणून. माझ्या उंचीच्या मानाने बरंच कमी भरलं होतं."

इंजिन घुरघुरत होतं. लोटनने उगीच हॉर्न दाबला.

"मंग तोंडानं बोलला काहाले नाही? 'वजनात अडकलं' म्हने!"

"कसं बोलू? लग्नाला वर्ष झालं नव्हतं. नवरा उपाशी दिसतो म्हणून डॉक्टरांनी पाडला, हे गावात झालं असतं तर नाव कोणाचं निघालं असतं? यशोदाचं. म्हणून तिलाही नाही सांगितलं. आणि मी आपला आपण खाऊन खाऊन किती खाणार? मला भूकच लागत नाही. सासरी यावं, तर जवायाने आणखी वाढा म्हणायचं कसं? रीत आहे का तशी?"

"अन ते 'पुरे भाऊ, वजनाचं काय भाऊ' करून रडत व्हता ते?"

गिरधर पहिल्यांदाच हसला. थोडंसंच, ओठांच्या एका कोपऱ्यात.

"आखाजीला पहिल्यांदा 'पुरे' म्हणालो ते खरं होतं. हावरट म्हणून चिडवाल वाटलं, म्हणून वजनाचं निमित्त काढलं. पण तुम्ही म्हणालात, तुपाने वजन वाढत नाही, पाण्याने वाढतं. तेव्हा कळलं तुमची समजूत काय झालीय, आणि तुमच्या मनात काय आहे तेही. मग म्हटलं, आपण अधूनमधून नको म्हणत राहावं. मी नको म्हटलं की तुम्ही दोन जास्त वाढत होतात. जळगावात केळीच्या वखारीत रोज वजन करून बघायचो. मशीनपेक्षा तो काटा बरा."

लोटनने एक बैलगाडी मागे टाकली. मग दुसरी. मग त्याने जे विचारलं ते रागाने विचारलं नाही. एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं विचारलं.

"म्हन्जे आधी ठरोलं नव्हतं तू?"

"नाही हो. तिथल्या तिथे सुचलं. पोळी चावता चावता."

हे मात्र लोटनच्या वर्मी बसलं. उखर्डूच्या डब्यासाठी त्याने आठवडाभर डोकं घातलं होतं.

"कोनाले सांगेल हाये?"

"कोणाला नाही. सांगणारही नाही. तुम्ही मोठे आहात, भाऊ."

फैजपूरच्या स्टँडवर अख्खं घर उभं; लोटनची गाडी सकाळी गेल्यावर दिल्लीहून गिरधरची तार आली होती. गिरधर खाली उतरला, आबांच्या पाया पडला, आणि आबा त्याच्या गळ्यात हार घालणार तेवढ्यात त्याने तो हार हातात घेतला, गाडीला वळसा घातला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि लोटनच्या गळ्यात घातला. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, त्या लाजऱ्या आवाजात म्हणाला, "मी पास झालो तो लोटनभाऊंमुळे. यांनी माझ्यासाठी जे केलं ते सख्खा भाऊ करणार नाही."

खोटं एक अक्षर नव्हतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. झुंबरबाईंनी लोटनची दृष्ट काढली. यशोदा रडत होती. पुष्पाने नवऱ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत अशी काही माया होती, की लोटनला ती नवीन बाई वाटली. भिकन खिडकीतून डोकं काढून विचारत होता, "भाऊ, हाई काय व्हयनं? बठ्ठं उलटंच कसं व्हयनं?" आणि लोटनला त्याला सांगता येत नव्हतं.

धोंड्याचा महिना अजून संपला नव्हता. आबांनी त्याच दिवशी दोन्ही जवायांना पुन्हा पाटावर बसवलं. गिरधर दुसऱ्या पाटाशी जाऊन उभा राहिला आणि पहिल्यावर बसायला काही केल्या तयार होईना. "मान भाऊंचा," एवढंच म्हणत राहिला. लोटनला खांदे धरून बसवलं गेलं. औक्षण झालं. आबा म्हणाले, "मी जित्ता हाये तोपर्यंत हा पाट लोटनरावाचा. पायलट येवो नाहीतर कलेक्टर." महिनोन् महिने ज्यासाठी जीव तडफडला ते सगळं ताटात वाढून आलं होतं, वर तूप सोडून.

आणि लोटनला घास उतरत नव्हता. विमानाचं दुखणं गेलं होतं, अगदी साफ, शोधूनही सापडेना. त्या जागी दुसरंच येऊन बसलं होतं. यावल तालुक्यात आजवर झाली नाही अशी खोडी झाली होती. तयारीशिवाय, हसल्याशिवाय, बनणाऱ्याकडूनच डबे वाहून घेऊन, आणि वर त्यालाच हार घालून. ही गोष्ट डेपोत सांगायची म्हटली तर माणसं बाकांवरून खाली पडतील. आणि सांगू शकेल असा एकच माणूस, तो स्वतः, तोंड शिवून पाटावर बसलाय.

त्याने तिरक्या डोळ्याने शेजारच्या पाटावर पाहिलं. गिरधर मान खाली घालून, लाजत, भाताची शितं वेचून खात होता. झुंबरबाई धोंडा घेऊन आल्या तर त्याने हात आडवा धरला. "नको, मामी." एवढ्या दोन शब्दांवर झुंबरबाईंनी एकाऐवजी दोन धोंडे टाकले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

लोटनने जेवताना आरशात बघावं तसं लोटीच्या पितळेत स्वतःचं तोंड पाहिलं. मिशा, बारीक डोळे, हसो न हसो, आधीच दिसणारे दात. हे तोंड बघूनच लोक खिसे धरतात. आणि तिकडे बघा. गाईच्या वासरासारखं तोंड. या तोंडाने माणूस अख्खं जळगाव विकून खाईल आणि लोक वर आशीर्वाद देतील.

"इमान नेलं तर नेलं," तो मनातल्या मनात देवाला म्हणाला, "पन असं तोंड मले काहाले नाही देलं रे बाबा?"

"काही पाह्यजे का, लोटनराव?" झुंबरबाईंनी विचारलं.

"नाही मामी," लोटन म्हणाला, आणि शक्य तितका भोळा चेहरा करून बघितला.

"दात दुखतो काय?" पुष्पा म्हणाली.